आजी-आजोबा, मुलं आणि रोम-फ्लोरेन्स-व्हेनिस : यादीपेक्षा घड्याळ सांभाळा

प्रश्न थोडक्यात असा आहे : कोल्हापूरचं सहा जणांचं कुटुंब, मे महिन्याची सुट्टी, प्रवास धरून हातात बारा-तेरा दिवस. सासरे सत्तरीचे, एका गुडघ्याची जुनी तक्रार. सासूबाई पक्क्या शाकाहारी. मुलगा सातवीत जाणार, मुलगी दुसरीत. एका टूर कंपनीने तेवढ्याच दिवसांत सहा देश बसवून दिले आहेत. त्याऐवजी आपलं आपण रोम, फ्लोरेन्स आणि व्हेनिस एवढंच करावं का, आणि झेपेल का?

करा. झेपेल. अशा सहली आखून देणं हेच माझं काम आहे आणि तुमच्यासारखी घरं नेहमी भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सहा देशांच्या सहलीला मी नावं ठेवत नाही. ज्यांना काहीच ठरवायचं नसतं, जेवायला वरण-भात लागतो आणि आल्प्सचा बर्फ बघायचाच असतो, त्यांची सोय तिथे चांगली होते. पण जुन्या शहरांच्या बाबतीत ही पद्धत मार खाते. मोठी बस जुन्या गावठाणात शिरतच नाही. तिला परवानगी नसते आणि जागाही नसते. हॉटेल शहराबाहेर, हमरस्त्यालगत. सकाळी नाश्ता, सामान, हजेरी हे सगळं उरकून माणसं चौकात पोचतात अकराला आणि चारला परत बसमध्ये. म्हणजे ऊन सगळ्यात जास्त, गर्दी सगळ्यात जास्त आणि सासऱ्यांचा गुडघा सगळ्यात वैतागलेला, नेमक्या त्याच वेळात.

या शहरांत काय पाहिलं यापेक्षा किती वाजता पाहिलं याने सहल घडते किंवा बिघडते. त्रेवी कारंजं सकाळी साडेसहाला बघा : पाण्याचा आवाज ऐकू येतो, मुलं कठड्यापर्यंत जातात, आजी-आजोबा निवांत बसतात. तेच दुपारी बाराला बघायला गेलात तर पुढच्या माणसाचा फोन दिसतो. म्हणून माझ्याकडे कोणी वीस स्थळांची यादी घेऊन आलं तर मी आधी यादीला हात लावत नाही, दिवसाला लावते. सकाळी सातला बाहेर. साडेआठ-नऊला त्या दिवसाचं एक मोठं, आधी आरक्षण केलेलं ठिकाण. साडेबाराला जेवण. दीड ते साडेचार खोलीवर, चक्क वामकुक्षी. पाचला पुन्हा बाहेर. मे महिन्यात रोमला साडेआठपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारी झोपून काही बुडत नाही.

पण दुपारी परत यायचं तर खोली जवळ हवी. सगळं गणित इथे अडतं. शहराबाहेर हॉटेल घेऊन रात्रीमागे जे वाचतं ते रोजच्या चार-सहा तिकिटांत, टॅक्सीत आणि संध्याकाळी न निघण्याच्या कंटाळ्यात जातं. पैसे वाचवायचेच असतील तर दिवस कमी करा, जागा लांब घेऊ नका.

तुमच्या अकरा रात्री मी अशा वाटेन : रोम पाच, फ्लोरेन्स तीन, व्हेनिस तीन. रोमला पाच कशाला, असं वाटेल. पहिला दिवस प्रवासाच्या शिणात जातो, आणि रोम हे एकच शहर असं आहे जिथे रिकामी संध्याकाळसुद्धा वाया जात नाही.

रोममध्ये तुमच्यासाठी मी प्राती भाग सुचवेन. व्हॅटिकनला लागून, १८७० नंतर वसलेला, सरळ रुंद रस्ते, नीट फुटपाथ, मेट्रोची ए लाइन जवळ. नदीपलीकडच्या गल्ल्यांचा जुना रंग इथे नाही हे खरं, पण त्या गल्ल्यांत जमिनीवर सांपिएत्रिनी असतात : काळ्या बेसॉल्टचे मुठीएवढे चौकोनी दगड, वर्षानुवर्षं चाकांनी गुळगुळीत आणि वरखाली झालेले. त्यावर ट्रॉली बॅगेची चाकं निखळतात आणि गुडघेदुखीवाल्याला दोनशे मीटर म्हणजे अर्धा किलोमीटर वाटतो. सासऱ्यांना जाड रबरी तळाचे, आधीच वापरून मऊ झालेले बूट हवेत. सहलीसाठी नवे कोरे बूट घेण्याची आपल्याकडची हौस तिथे पहिल्या दिवशीच महाग पडते.

बुकिंग करताना एक प्रश्न लेखी विचारा : लिफ्ट थेट तळमजल्यापासून आहे का? बऱ्याच जुन्या इमारतींत आधी सात-आठ पायऱ्या आणि मग लिफ्ट असते, आणि तीही दोन माणसं उभी राहिली की भरते. सामान वेगळ्या फेरीत.

कोलोसियमचं तिकीट अधिकृत संकेतस्थळावर साधारण तीस दिवस आधी खुलं होतं आणि चांगल्या वेळा लवकर उडतात. तिकिटावर नाव असतं, दाराशी पासपोर्ट बघतात. अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत, पण मुलांचंही शून्य युरोचं तिकीट काढावंच लागतं. ते विसरून दाराशी अडकलेली घरं दर मोसमात दिसतात. सकाळचा पहिला किंवा दुसरा स्लॉट घ्या. पायऱ्या उंच आहेत, पण चालायला त्रास असणाऱ्यांसाठी लिफ्ट आहे. कर्मचाऱ्यांना सांगा, संकोच नको. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं आणि कोलोसियम फुकट असतात. त्या दिवशी तिकडे फिरकू नका.

आत गेल्यावर मुलांना आकडे सांगत बसू नका, भिंतीजवळ न्या. दगडांच्या सांध्यांवर जागोजाग ओबडधोबड भोकं दिसतील. मुलगी विचारणारच, तोफगोळे लागलेत का? तर नाही. मोठमोठे ट्रॅव्हर्टिन दगड चुना न वापरता एकावर एक रचले होते आणि ते धरून ठेवायला आत लोखंडी आकडे बसवले होते. साम्राज्य गेलं, लोखंड महाग झालं, आणि मध्ययुगात लोकांनी प्रत्येक सांधा खोदून ते आकडे काढून नेले. ती भोकं म्हणजे लोखंडाच्या चोरीच्या खुणा. इमारतीचा अर्धा दगडही असाच रोमच्या वाड्यांत आणि चर्चमध्ये गेला. व्हेस्पाशियन बादशहाने साधारण इसवी सन ७२ मध्ये काम काढलं, मुलगा टायटस याने ८० मध्ये उद्घाटन केलं; आणि जागा कुठली, तर नीरोने स्वतःच्या महालासाठी केलेल्या तलावाची. आधीच्या राजाचं खासगी तळं बुजवून लोकांसाठी करमणुकीची जागा बांधली. सातवीतल्या मुलाला हे राजकारण बरोबर कळतं.

त्याच तिकिटावर फोरम, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष, हाही येतो. तिथे सावली जवळजवळ नाही आणि वाटा खडबडीत आहेत. मुलांना घेऊन तुम्ही दोघं जा. सासू-सासऱ्यांना टॅक्सीने कांपिदोल्यो टेकडीकडे सोडा. तिथल्या चौकाच्या मागच्या कठड्यावरून अख्खा फोरम खाली पसरलेला दिसतो, विनातिकीट. सगळ्यांनी सगळं बघितलंच पाहिजे हा हट्ट कुटुंबाच्या सहलीत सोडावा लागतो. दोन तास वेगळे झालात तर जेवायला भेटल्यावर बोलायला विषय तरी असतो.

पँथिऑन हे प्राचीन रोमन देऊळ संध्याकाळी उशिरा किंवा सकाळी दार उघडताच. जुलै २०२३ पासून पाच युरो तिकीट आहे, मुलांना नाही. घुमटाचा व्यास ४३ मीटरपेक्षा थोडा जास्त, आणि जमिनीपासून घुमटाच्या टोकापर्यंतची उंचीही तेवढीच. आत सळई नाही, नुसतं रोमन काँक्रीट, गेली एकोणीसशे वर्षं. मधोमध छताला मोठं उघडं भोक आहे, पाऊस सरळ आत पडतो. मुलांना सांगा, पाणी कुठे जातं ते शोधा. संगमरवरी जमीन किंचित फुगीर आहे आणि मधे बारीक छिद्रं आहेत. ती सापडेपर्यंत दोघं गप्प राहतात, तेवढ्यात मोठ्यांचं बघून होतं.

व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा उघडा आणि फुकट, म्हणून तोही टाळा. बुधवारी सकाळी पोप यांच्या दर्शनाची गर्दी असते. मंगळवार किंवा गुरुवारची पहिली वेळ धरा, अधिकृत संकेतस्थळावर साधारण दोन महिने आधीपासून मिळते. आत सिस्टीन चॅपेलपर्यंत चालणं भरपूर आहे आणि वाट एकेरी. तिथे व्हीलचेअर मिळते. सासरे म्हणतील, "मला काय झालंय?" तेव्हा त्यांना म्हणा, छत बघायला मान वर करून उभं राहण्यापेक्षा बसून बघितलेलं बरं. आणि ते खरंच आहे. मायकेलअँजेलोने ते छत १५०८ ते १५१२ या काळात रंगवलं, आणि समोरच्या भिंतीवरचा 'अंतिम न्याय' पंचवीसेक वर्षांनी म्हातारपणाकडे झुकल्यावर. आत फोटो काढायला बंदी, बोलायलाही. मुलांना काय बघायचं ते बाहेरच, फोनवर चित्र दाखवून सांगून ठेवा.

सेंट पीटर्स बॅसिलिका वेगळी, प्रवेश मोफत, पण सुरक्षा तपासणीची रांग असते. सकाळी साडेसातला ती रांग जवळपास नसते. उजव्या हाताला पहिल्याच कोनाड्यात मायकेलअँजेलोचं 'पिएता' हे शिल्प आहे; १९७२ मध्ये एकाने तिच्यावर हातोडा चालवला, तेव्हापासून ती काचेमागे आहे. घुमटावर जायला ५५१ पायऱ्या. लिफ्टने काही भाग गेलं तरी ३२० उरतात, शेवटी भिंत तिरकी होत जाते. बाप-लेकाने जावं, बाकीच्यांनी चौकात बसावं.

कपड्यांचं सांगते. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी, पंजाबी ड्रेस यांना कुठेच अडचण येत नाही. अडवलं जातं ते बर्म्युडा घालून आलेल्या मुलांच्या बाबांना.

पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसू नका. रोममध्ये रस्तोरस्ती बिडाचे बुटके नळ आहेत, अडीच हजारांच्या आसपास; पाणी अखंड वाहतं, गार आणि पिण्याचं. नळीच्या वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं. खालचं तोंड बोटाने दाबलं की तिथून कारंज्यासारखी धार वर येते. हे कळल्यावर मुलगी प्रत्येक नळापाशी थांबेल, हा एवढा वेळ धरून चाला.

फ्लोरेन्स लहान आहे, त्यामुळे स्टेशन आणि कॅथेड्रल यांच्या मधे कुठेही राहिलात तरी चालतं. रोमहून वेगवान गाडीने दीड तास. उफिझी आणि आकादेमिया, ही दोन्ही कलासंग्रहालयं सोमवारी बंद, म्हणून तुमच्या तीन रात्रींत सोमवार आलाच तर तो दिवस रस्त्यांना आणि पुलांना द्या. आकादेमियातला मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा बघाच, ५.१७ मीटर उंच आणि कोपऱ्यावरून वळताच समोर येतो. ज्या संगमरवरी ठोकळ्यातून तो घडवला, तो आधीच्या शिल्पकारांनी अर्धवट खोदून सोडलेला, अनेक वर्षं उघड्यावर पडून होता. काम हाती घेतलं तेव्हा मायकेलअँजेलो सव्वीस वर्षांचा होता. चौकात उभा आहे तो नक्कल, १९१० पासून. अस्सल १८७३ मध्ये आत हलवला.

उफिझीत मुलांना दीड तासाच्या वर ठेवू नका. बोत्तिचेल्लीची दालनं, लिओनार्दो, काराव्हाज्जोची मेडुसाची ढाल, आणि बाहेर. एवढी चित्रं एका गावात राहिली कशी, तर मेदिची या तिथल्या राज्यकर्त्या घराण्यातल्या शेवटच्या बाईमुळे. आन्ना मारिया लुईसा हिने १७३७ मध्ये करार करून सगळा संग्रह तोस्कानाच्या स्वाधीन केला; अट एकच, यातलं काहीही फ्लोरेन्सबाहेर जायचं नाही. मोठमोठ्या राजघराण्यांचे संग्रह लिलावात विखुरले, हा राहिला.

कॅथेड्रलच्या घुमटाला ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, मधेच परत फिरता येत नाही. सासऱ्यांना तो बाहेरूनच पाहू द्या. सूर्यास्ताला बसने पियात्सेले मिकेलांजेलो या उंचावरच्या चौकात जा. घुमट, नदी, पूल सगळं तिथून एका नजरेत येतं, चढावं काहीच लागत नाही. जुना पूल, पोंते व्हेक्यो, १३४५ चा. त्यावर पूर्वी खाटीक बसत. १५९३ मध्ये ड्यूकने वास येतो म्हणून त्यांना हटवून सराफांना जागा दिली, ते अजून आहेत. सासूबाईंना दागिने बघू द्या. भाव ऐकून त्या स्वतःच पुढे निघतील.

आता तुम्ही कोल्हापूरचे, म्हणून फ्लोरेन्समधली एक जागा मी यादीत वरच घालणार आहे. छत्रपती राजाराम महाराज, शिवछत्रपतींचे पुत्र नव्हेत, करवीरच्या गादीवरचे दुसरे राजाराम. राजर्षी शाहू गादीवर येण्याआधीची गोष्ट. १८७० मध्ये ते युरोपच्या प्रवासाला गेले, इंग्लंड पाहिलं, रोजनिशी इंग्रजीत लिहीत राहिले. ती पुढे १८७२ मध्ये लंडनला छापली गेली. परतीच्या वाटेवर ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. फ्लोरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती, आणि त्या गावाला दहन माहीत नव्हतं. परवानगी मिळवून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर अंत्यविधी झाला. त्या जागी १८७४ मध्ये छत्री उभी राहिली. ती आखली चार्ल्स मँट यांनी, म्हणजे कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांच्या हातचा, तेच. आतला अर्धपुतळा चार्ल्स फुलर या शिल्पकाराचा.

काशिने नावाची लांबलचक बाग आहे, तिच्या पार पश्चिमेच्या टोकाला ही छत्री आहे. गावातले लोक त्या भागालाच 'इंदियानो' म्हणतात, शेजारचा मोठा रस्त्याचा पूलही त्याच नावाचा. टूरच्या बसेस तिकडे जात नाहीत. ट्राम बागेच्या शहराकडच्या टोकापाशी सोडते, तिथून पुढे चालणं काही किलोमीटर आहे; सासऱ्यांना घेऊन टॅक्सीच करा आणि तीच थांबवून ठेवा, कारण तिथे परतीची सहज मिळत नाही. जागा उघड्यावर आहे, तिकीट नाही, वेळ नाही. संध्याकाळी पाच-सहाला जा. सावली लांब पडलेली असते, सायकलवाले आणि कुत्री फिरवणारी मंडळी असतात, एवढंच. पगडी घातलेला, रंगवलेला तो अर्धपुतळा छत्रीखालून बागेकडे बघतोय की नदीकडे, यावरून तुमच्या घरात वाद होईल; फोटो काढून ठेवा.

पिसाच्या कलत्या मनोऱ्याबद्दलही विचारलंत. फ्लोरेन्सहून रेल्वेने तासाभराच्या आसपास, अर्ध्या दिवसात होतं. पण आठ वर्षांखालच्या मुलांना मनोऱ्यावर चढू देत नाहीत, म्हणजे मुलगी खाली राहणार आणि रडणार. गेलातच तर तिथे चेचीना खा : हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, मोठ्या परातीत भट्टीत भाजलेलं. आपल्या बेसनाच्या पोळ्याची सख्खी बहीण. सासूबाई ओळख पटवून घेतील.

व्हेनिसला बरेच लोक मेस्त्रे या पलीकडच्या गावात राहतात, कारण निम्म्या पैशात होतं. तुम्ही नका राहू. व्हेनिसची गर्दी दिवसापुरती येणाऱ्यांची असते, दहाला येते आणि संध्याकाळी ओसरते. बेटावर राहणाऱ्यालाच सकाळ आणि रात्र मिळते. शिवाय २०२४ पासून मोसमातल्या ठरावीक दिवशी दिवसापुरत्या पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेतात. मुक्कामी लोकांना ते नाही, फक्त सवलतीची नोंद ऑनलाइन करून ठेवायची.

हॉटेल निवडताना नकाशावर एवढंच मोजा : बोटीच्या थांब्यापासून दारापर्यंत पूल किती? चारशेच्या वर पूल आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाला पायऱ्या. एकही पूल नसलेली जागा मिळाली तर दोन तारे कमी असले तरी घ्या. कान्नारेज्यो भागात अशा जागा सापडतात, आणि तो स्टेशनजवळही आहे. गाडी सांता लुचिया स्टेशनपर्यंतची घ्या, नाहीतर मेस्त्रेलाच उतरवेल. मोठ्या बॅगा सहा असतील तर त्या कोण उचलणार हे कोल्हापुरातच ठरवा. माझं मत, चार जणांत मिळून दोन मोठ्या, बाकी पाठीवरच्या.

एक नंबरची बोट संपूर्ण मोठ्या कालव्यातून हळूहळू जाते. एकेरी तिकीट साडेनऊ युरो, पाऊण तास नव्हे, पंचाहत्तर मिनिटं चालतं. त्यापेक्षा दोन-तीन दिवसांचा पास घ्या. संध्याकाळी सातनंतर ही बोट म्हणजेच तुमची सहल. गोंडोलाचा सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, रात्री ११०, आणि जास्तीत जास्त पाच माणसं. तुम्ही सहा. म्हणजे दोन गोंडोले, किंवा एकाने काठावर राहून फोटो काढायचे. हौस भागवायची असेल तर कालवा ओलांडणारी त्रागेत्तो नाव आहे, दोन युरोत दोन मिनिटं, तीही गोंडोल्यासारखीच.

सान मार्को चौक सकाळी सातला बघा. मग दार उघडताच घंटाघर. हे घंटाघर १४ जुलै १९०२ च्या सकाळी अख्खंच्या अख्खं कोसळलं, माणूस एकही दगावला नाही. १९१२ मध्ये तस्संच पुन्हा बांधलं आणि पुढे १९६२ मध्ये आत लिफ्ट बसवली. तीन शहरांत सासऱ्यांना एकही पायरी न चढता उंचावरून बघायला मिळेल अशी ही जागा, चुकवू नका.

जेवणाचं आता. बाहेरची स्वयंपाकघरं साडेबारा ते अडीच आणि मग साडेसातनंतर. मुलांना भूक लागणार साडेसहाला. त्यासाठी पिझ्झा अल तालिओची दुकानं : लांब पत्र्यावरचा पिझ्झा कात्रीने कापतात, वजनावर पैसे. बोटांनी दाखवा, एवढा. पास्त्यात अराब्ब्याता, पोमोदोरो, आल्यो ए ओल्यो हे बिनधास्त. कार्बोनारात डुकराचं मांस असतंच. मिनेस्त्रोने सूप विचारल्याशिवाय घेऊ नका, रस्सा कधी मांसाचा असतो. आणि सासूबाईंना एक गोष्ट निघण्यापूर्वी सांगून टाका : पार्मेजान आणि पेकोरिनो ही चीज वासराच्या किंवा कोकराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध साकळवणाऱ्या रसाने, बनवतात. काहींना चालतं, काहींना नाही. तिथे ताटावर बसल्यावर कळलं तर जेवण जातं. चीजच नको असेल तर मारिनारा पिझ्झा, त्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो एवढंच. बिलात कोपेर्तो म्हणून माणशी दोन-तीन युरो येतात, ती फसवणूक नव्हे. कॉफी उभ्याने प्या, टेबलावर बसलं की दर बदलतो.

घरून काय न्यावं? मेथीचे ठेपले, खाकरा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट खुशाल न्या. पण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे : पेढे, बर्फी, तुपाची बरणी नको. आणि मे महिना असला तरी तिथल्या नातेवाइकांसाठी हापूसची पेटी नको; दाखल्याशिवाय फळ आत जात नाही. डबा उघडून बसायची जागाही बघा. रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांवर बसलं तरी दंड होतो, व्हेनिसच्या सान मार्को चौकात जमिनीवर बसून खाणं आणि कबुतरांना दाणे टाकणं दोन्ही गुन्हा. बागेतला बाक शोधा. रोममध्ये व्हिला बोर्गेझे त्यासाठी छान.

खिसेकापूंची भीती अनाठायी नाही, पण तीही वेळेची आणि जागेची असते : रोमची तेर्मिनी स्टेशनकडून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस, मेट्रोचे दरवाजे बंद होतानाचा क्षण. पासपोर्ट आतल्या पट्ट्यात, फोन मागच्या खिशात कधीच नाही, आणि हातात धागा बांधायला येणाऱ्याला हात द्यायचा नाही.

कागदपत्रं पटकन. मुक्काम सगळा इटलीतच, म्हणून व्हिसाचा अर्ज इटलीकडेच. सहा महिने आधीपासून करता येतो. मेच्या सुट्टीसाठी जानेवारीत अपॉइंटमेंट बघायला लागा. शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांखालच्यांना ४५, केंद्राचा खर्च वेगळा. विमा किमान ३०,००० युरोचा. सासऱ्यांच्या आधीच्या आजारांना तो लागू आहे का, हे बारीक अक्षरात वाचा. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे, तेव्हा उतरल्यावर लगेचची कुठलीच गाडी पकडायची घाई ठेवू नका. रोम विमानतळावरून शहरात पांढऱ्या अधिकृत टॅक्सीचा दर ठरलेला आहे, पण साध्या टॅक्सीत चौघंच मावतात. सहा जणांसाठी मोठी गाडी आधी सांगून ठेवा.

तारखांत मोकळीक असेल तर शाळा सुटताच निघा. मेच्या पूर्वार्धात रोमचं ऊन सोसवतं, जूनपासून नाही. २ जूनला त्यांचा प्रजासत्ताक दिन, कोलोसियमसमोरच्या रस्त्यावर संचलन असतं आणि सकाळी तो भाग बंद. विमानाचं तिकीट जाताना रोम, परतताना व्हेनिस असं काढा. रोमला परत यायचा एक अख्खा दिवस वाचतो आणि दर फारसा बदलत नाही. व्हेनिसहून परतीचं विमान दुपारनंतरचं बघा. पहाटेचं घेतलंत तर सहा माणसं, सामान आणि झोपलेली मुलगी घेऊन अंधारात बोट गाठावी लागेल. मग शेवटची रात्र विमानतळाजवळ काढलेली बरी, तिथे तेवढ्यापुरतं शहराबाहेरचं हॉटेल चालेल.